जर्मनीतलं आर खोरं: साडेपाचशे हेक्टरचा वाइन प्रदेश, सहकारी सोसायटी आणि २०२१चा पूर

राइनकाठी

या फोरमवर जर्मन वाइनचा विषय निघाला की गाडी मोझेल खोऱ्यातल्या रीसलिंग या पांढऱ्या वाइनपाशी थांबते, त्यापुढे कोणी जात नाही, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मी बॉनला राहतो. आमच्या दक्षिणेला अर्ध्या-पाऊण तासावर आर नावाची एक छोटी नदी राइनला मिळते. लांबी साधारण ८५ किलोमीटर, उगम आयफेलच्या डोंगरात ब्लांकेनहाइम गावी, तोही एका जुन्या घराच्या तळघरात, म्हणजे झरा खरोखर घराखालून निघतो. ही नदी आल्टेनार गावापाशी आली की दरी एकदम अरुंद होते, दोन्ही बाजूंना काळे खडक आणि त्या खडकांवर पायऱ्या-पायऱ्यांनी द्राक्षाच्या बागा. तिथून खाली पंचवीसेक किलोमीटर हेच चालू. मायशॉस, रेश, डेर्नाऊ, मारियनथाल, वालपोर्त्सहाइम, आरवायलर अशी एकाला एक लागून गावं आहेत आणि प्रत्येक गावात दर तिसऱ्या घरावर वाइनची पाटी.

जर्मनीत कायद्याने ठरवलेले वाइनचे १३ प्रदेश आहेत, त्यातला आर हा एक. सगळ्या देशात मिळून लाखभर हेक्टरवर वाइनची द्राक्षं आहेत आणि आरमध्ये साधारण साडेपाचशे हेक्टर, म्हणजे अर्धा टक्का. बाटलीवर आरचं नाव टाकायचं तर द्राक्षं या हद्दीतलीच लागतात. आणि नुसतं तेवढ्यावर भागत नाही. क्वालिटी वाइन म्हणून विकायची तर प्रत्येक लॉटची लॅबमध्ये तपासणी होते, मग सरकारी पॅनेल चव बघतं, पास झाली तर नंबर मिळतो आणि तो नंबर लेबलवर छापावाच लागतो. बारीक अक्षरात असतो, पुढच्या वेळी कोणतीही जर्मन बाटली हातात आली की शोधा.

आणि खरी गंमत म्हणजे हा प्रदेश रेड वाइनचा आहे. इतक्या उत्तरेला, बागेतल्या दर पाचातल्या चार वेली लाल वाइनच्या. मुख्य जात श्पेटबुर्गुंडर, म्हणजे जिला बाकी जग पिनो न्वार म्हणतं ती.

मला या खोऱ्याबद्दल फार वाटतं, आणि ते फक्त वाइनमुळे नाही. इथल्या बागा एकेकट्या माणसाच्या हिमतीवर टिकल्याच नसत्या, असं माझं ठाम मत झालंय. प्रश्न विचारा, सवडीने लिहितो.

अनघा_कोथरूड

छान विषय. पण मला एक कळत नाही, जर्मनीत एवढी थंडी, मग काळी द्राक्षं पिकतात कशी? माझा समज असा की लाल वाइनला चांगलं ऊन लागतं, म्हणून स्पेन इटलीची लाल आणि जर्मनीची पांढरी. आमच्याकडे नाशिकला सुद्धा जानेवारीच्या थंडीत द्राक्षं नीट पिकत नाहीत असं मामा म्हणायचा.

राइनकाठी

अनघाताई, सगळं श्रेय त्या दगडाला आणि दरीच्या आकाराला. आल्टेनार ते वालपोर्त्सहाइम या वरच्या भागात जमीन म्हणजे स्लेटचा काळा पातळ-पातळ दगड आणि ग्रेवॅके नावाचा कठीण खडक. माती अशी फारशी नाहीच. उन्हाळ्यात दुपारी या उतारावर हात टेकवला तर चटका बसतो, आणि दिवसभर शोषलेली ती ऊब दगड रात्री हळूहळू सोडतो. बागा सगळ्या दक्षिणेकडे तोंड करून, उतार इतका तीव्र की इथला तिरका सूर्य जवळजवळ सरळ पानांवर येतो. वर आयफेलचे डोंगर पश्चिमेचा बराचसा पाऊस अडवून धरतात, आणि दरी अरुंद असल्यामुळे थंड वारा आत फारसा घुसत नाही. खाली बाद नॉयनारच्या बाजूला दरी उघडते, तिथे लोएस म्हणजे वाऱ्याने आणलेली बारीक पिवळी माती आहे, तिथली वाइन जरा गुबगुबीत लागते. वरच्या स्लेटवरची वाइन सडपातळ, रंगाने फिकट, वास मात्र असा की ग्लास खाली ठेववत नाही.

शिवाय पिनो न्वारला फार ऊन सोसतच नाही. जास्त उष्ण ठिकाणी ती घाईने पिकते आणि तिचा नाजूकपणा जातो. म्हणून तर आता उन्हाळे तापायला लागल्यावर इथले लोक सावलीतल्या, उंचावरच्या तुकड्यांकडे वळून बघायला लागलेत, जे तुकडे आजोबांच्या काळात कोणी फुकट घेतले नसते.

हिची एक लवकर पिकणारी बहीण आहे, फ्र्यूबुर्गुंडर. दाणे बारीक, उत्पन्न कमी, पक्षी आधी तिच्यावर पडतात. मधल्या काळात शेतकऱ्यांनी ती इतकी उपटली की जवळपास संपलीच होती, पण आरमधल्या काही लोकांनी धरून ठेवली. मिळाली तर जरूर घ्या.

दिंडोरीचा_बागायतदार

दादा नमस्कार, धागा आवडला म्हणून खास लॉगिन केलं. आमच्या घरी तीस एक वर्षं द्राक्षं आहेत, त्यातली काही वर्षं वाइनची पण केली, शिराझ आणि शेनिन. त्यामुळं मला जरा शेतीच्या बाजूनं विचारायचंय.

आमच्याकडं वर्षात दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिथून काडी तयार करायची, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिला घड येतात आणि जानेवारीपास्नं मार्चपर्यंत हार्वेस्ट. वेल झोपतच नाही आमच्याकडं, थंडी तेवढी पडतच नाही ना, म्हणून छाटूनच तिला सांगावं लागतं आता फुट म्हणून. तुमच्याकडं बर्फात काय करतात? दुसरं, डाऊनीचं, म्हणजे त्या केवडा बुरशीचं काय? आमच्याकडं ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस झाला की झोपच उडते, फुलोऱ्यात डाऊनी आली तर आठ दिवसांत घड जळून हातात काही राहत नाही. सपाट रानात ट्रॅक्टर ब्लोअर फिरवून पण औषध वेळेत बसत नाही, मग तुमच्या त्या कड्यावर फवारणी करतात कशी? आणि मजूर कुठनं आणतात?

आणि तिसरं म्हणजे भाव. कारण आमचं घोडं तिथंच पेंड खातं. २००८ नंतरच्या मंदीत एका कंपनीनं आमचा करार असताना माल उचलायचा थांबवला, काळी द्राक्षं वेलीवरच सुकली, वाइनची द्राक्षं बाजारात कोण खातं, बी मोठं आणि साल जाड. त्या दोन-तीन वर्षांत आमच्या भागात किती जणांनी वाइनच्या बागा उपटून परत खायची थॉमसन द्राक्षं लावली. वडलांनी पण. मला अजून ते खटकतं.

राइनकाठी

भाऊ, तुमच्यासारख्याने विचारलं की लिहायला हुरूप येतो.

छाटणी इथे एकदाच, जानेवारी-फेब्रुवारीत, वेल पूर्ण झोपलेली असताना. मागच्या वर्षीची एखादी चांगली काडी ठेवायची, वाकवून तारेला बांधायची, बाकी सगळं कापून टाकायचं. एप्रिलच्या शेवटी डोळे फुटतात आणि तेव्हाच खरी भीती असते, कारण मेमध्येसुद्धा एखाद्या रात्री हिमकडाका पडला तर कोवळे कोंब काळे होतात. फुलोरा जूनमध्ये, तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबर.

डाऊनी इथेही तीच, अमेरिकेतून १९व्या शतकात युरोपात आली आणि कायमची राहिली. भुरी ही दुसरी बुरशीपण आहे. तीव्र उतारावर फवारणी हेलिकॉप्टरने करतात. जर्मनीत हवेतून फवारणीला एरवी बंदी आहे पण अशा उभ्या बागांना सवलत मिळते, आता हळूहळू ड्रोन यायला लागलेत. जिथे हेलिकॉप्टर जात नाही तिथे पाठीवर पंप घेऊन माणूसच जातो. माल आणि माणसं वर न्यायला काही ठिकाणी मोनोरॅक असतो, म्हणजे जमिनीपासून गुडघाभर उंचीवर दातेरी पट्टीचा एकच रूळ आणि त्यावर इंजिन लावलेली छोटी गाडी. चढताना पायाखालचे स्लेटचे तुकडे सारखे घसरतात, आणि तोडणीवाल्या बायका-माणसं त्यावर क्रेट घेऊन दिवसभर उभी असतात. बरेचसे पोलंड आणि रोमानियाचे, दर वर्षी त्याच बागेत येणारे.

आणि दगडी बांध. पायऱ्या ज्यावर उभ्या आहेत ते बांध चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचलेले आहेत. एखादा पावसाने फुगला की पूर्ण उतरवून परत रचायचा. सपाट बागेच्या कितीतरी पट तास इथे एका हेक्टरवर जातात, त्यामुळे स्वस्त वाइन करून इथे कोणी जगू शकत नाही.

भावाचं उत्तर मात्र सोसायटीत आहे. १९व्या शतकात इथली अवस्था वाईट होती. प्रशियाच्या काळात जकाती उठल्या, बाहेरची स्वस्त वाइन आली, भाव पडले, व्यापारी म्हणतील तो दर. बाग एकेकाची एवढीशी, रस काढायचं स्वतःचं प्रेस नाही, तळघर नाही, द्राक्षं तर नासणार, मग देऊन टाकायची. कित्येक कुटुंबं गाव सोडून अमेरिकेला गेली. शेवटी १८६८ मध्ये मायशॉस गावातल्या मूठभर बागायतदारांनी एकत्र येऊन सोसायटी काढली, द्राक्षं एकत्र, वाइन एकत्र, विक्री एकत्र. ती आजही चालू आहे आणि वाइनची जगातली सर्वात जुनी सहकारी संस्था म्हणून ओळखली जाते. सभासद चारशेच्या वर आणि बागा दीडशे हेक्टरच्या आसपास, म्हणजे माणशी सरासरी एक एकरसुद्धा नाही. त्यातले बहुतेक जण दिवसा कुठेतरी नोकरी करतात आणि शनिवारी बागेत असतात. सोसायटी नसती तर एवढ्याशा उभ्या तुकड्यासाठी कोण कशाला घसरत वर गेलं असतं.

सहकारी_सांगलीकर

वा वा, हा तर आमच्या जिव्हाळ्याचा मुद्दा आला. मी सहकार खात्यात नोकरी करून निवृत्त झालो, म्हणून थोडी भर घालतो.

मायशॉसपासून राइनच्या पलीकडे थोडं खाली-वर केलं की नॉयवीड लागतं. तिथलंच हेडेसडॉर्फ गाव, जिथे फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझेन नावाचे बर्गोमास्टर, म्हणजे गावप्रमुख होते. जन्म १८१८, मृत्यू १८८८. सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा म्हणून त्यांनी १८६४ मध्ये तिथे पतसंस्था काढली. गावापुरती मर्यादित, सभासद एकमेकांना ओळखणारे, जबाबदारी सर्वांची सामाईक. आपल्याकडे १८९०च्या दशकात मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन यांना अभ्यास करायला लावला, त्यांनी युरोपभरच्या संस्था बघून अहवाल दिला आणि त्याचं सार काय तर राइफायझेनसारखा माणूस शोधा. त्यातून १९०४चा सहकारी पतसंस्था कायदा आला. म्हणजे आपल्या गावोगावच्या विकास सोसायट्या, ज्यांच्या पायावर पुढे विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला प्रवरेचा कारखाना उभा केला, त्या सगळ्याचं मूळ याच राइनच्या काठी आहे. मायशॉसची सोसायटी हेडेसडॉर्फनंतर चारच वर्षांनी निघाली हे वाचून मला फार आनंद झाला.

आपल्याकडे साखरेत, दुधात जे झालं ते वाइनमध्ये का झालं नाही, हा प्रश्न मला नेहमी पडतो. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला आणि आमच्याकडे पलूसला वाइन पार्क झाले, पण वाइनऱ्या बहुतेक खाजगीच निघाल्या. शेतकरी फक्त कच्चा माल देणारा राहिला.

दिंडोरीचा_बागायतदार

काका अगदी मनातलं बोललात. टेबल ग्रेप्समध्ये, म्हणजे खायच्या द्राक्षांत, आमच्याकडं महाग्रेप्स झालं, आता मोहाडीला सह्याद्री उभी आहे, शेतकऱ्यांचीच कंपनी, युरोपात कंटेनर जातात. ते जमलं कारण पॅकहाऊस, कोल्ड स्टोरेज, रेसिड्यूची तपासणी हे एकट्याला परवडत नाही ते एकत्र केलं. वाइनमध्ये पैसा अडकतो हो. द्राक्ष आज दिलं तर बाटली विकून पैसे यायला दोन वर्षं, तोवर शेतकऱ्यानं पीककर्ज कशातनं फेडायचं.

राइनकाठी दादा, मायशॉसवाले सभासदाला पैसे कधी आणि कशावर देतात? वजनावर की ब्रिक्सवर, म्हणजे रसातल्या साखरेवर?

राइनकाठी

दोन्हीवर, पण साखर आणि प्रत जास्त महत्त्वाची. इथे ब्रिक्स ऐवजी ओक्स्ले म्हणतात, फोर्त्सहाइमच्या फर्डिनांड ओक्स्लेच्या नावाने. ९० ओक्स्ले म्हणजे तुमचे साधारण साडेएकवीस ब्रिक्स. चांगल्या नावाच्या उतारावरचा माल वेगळा घेतात. जास्त घड ठेवून पातळ माल आणला तर भाव खाली, म्हणून उन्हाळ्यात घड विरळ करायला सोसायटीच मागे लागते. पैसे एकदम मिळत नाहीत, हप्त्याहप्त्याने येतात.

सभासदाची मुख्य कमाई नोकरीची असल्यामुळे हप्ते चालून जातात, तुमच्यासारखं सगळं घर त्यावर नसतं. हा फरक लक्षात ठेवायला हवा. जसंच्या तसं उचलून दिंडोरीत आणलं तर टिकणार नाही, आधी कर्जाची सोय करावी लागेल.

चिपळूणची_वसुधा

तुम्ही २०२१चं शीर्षकात लिहिलंय पण अजून काही सांगितलं नाहीत. आमचं घर बाजारपेठेत आहे. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या पहिल्या मजल्याच्या वर गेलं होतं. त्याच्या आठवडाभर आधी टीव्हीवर जर्मनीतल्या पुराची दृश्यं बघितली होती आणि आई म्हणाली होती बघ गं कशी माणसं छपरावर बसलीत. पुढच्या गुरुवारी आम्हीच छपरावर. त्यामुळे आर हे नाव मला विसरता येत नाही. तिथे नक्की काय झालं, आणि मुख्य म्हणजे नंतर काय झालं ते लिहा.

राइनकाठी

वसुधाताई, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहवलं नाही. सांगतो.

१४ जुलैला, बुधवार होता तो, आयफेलवर दिवसभर पाऊस कोसळत होता, आणि त्याआधीच्या आठवड्यांच्या पावसाने जमीन भिजून गच्च झाली होती. उभ्या डोंगरातलं सगळं पाणी या एका चिंचोळ्या दरीत उतरलं. आल्टेनारला नदीची पातळी मोजायचं केंद्र आहे, तिथला आधीचा विक्रम २०१६चा, पावणेचार मीटरच्या आतला. या रात्री केंद्रच वाहून गेलं, नंतर खुणांवरून अंदाज काढला तो दहा मीटरच्या आसपास. लोकांना घरं सोडायची सूचना रात्री अकरानंतर आली आणि तोवर वरच्या गावांत पाणी घरात शिरलं होतं. झाडं, गाड्या, कॅम्पिंगच्या कॅरॅव्हॅन पुलांना अडकल्या, पुलांचेच बांध झाले आणि मग ते एकेक करून फुटले. एकट्या आर खोऱ्यात १३०च्या वर माणसं गेली. झिन्सिशला अपंगांच्या वसतिगृहात तळमजल्यावरची १२ जणं झोपेतच बुडाली. हे लिहिताना अजून हात थांबतो.

वाइनच्या बाबतीत बघा कसं झालं. बागा उतारावर, म्हणून बहुतेक वाचल्या, नदीकाठच्या सपाटीवरच्या तेवढ्या गेल्या. पण तळघरं, प्रेस, टाक्या, ट्रॅक्टर, पिंपं, बाटल्या सगळं खाली गावात. जवळजवळ सगळ्या वाइनऱ्यांत पाणी शिरलं. डेर्नाऊ गाव तर बहुतेक सगळंच पाण्याखाली होतं. तिथल्या मायर-नेकेल या नामांकित वाइनरीच्या माइके आणि डोर्टे नेकेल या दोघी बहिणी काहीतरी वाचवायला गेल्या आणि वाहून गेल्या, एका झाडाला धरून रात्र काढली तेव्हा सकाळी त्यांना बाहेर काढलं. त्यांची काही पिंपं नंतर खाली कुठे कुठे चिखलात सापडली, आणि त्यातली वाइन चांगली निघाली.

वेलींना मात्र कोणासाठी थांबता येत नाही. जुलैचा मध्य म्हणजे शेंडे खुडायचे, पानं काढायची, फवारायचं, आणि २०२१ हे डाऊनीचं भयंकर वर्ष. ज्यांचं घर गेलं, कोणाचं माणूस गेलं, त्यांनी बाग कशी बघायची? तेव्हा मोझेल, फाल्त्स, बाडेन, नाहे इकडून वाइनवाले आपापले ट्रॅक्टर आणि माणसं घेऊन आले. स्वतःच्या बागेत कामाची तीच घाई असताना आले. काहींनी बागा वाटून घेतल्या. शरद ऋतूत तोडणी झाली, आणि ज्यांच्याकडे प्रेसच उरलं नव्हतं त्यांची द्राक्षं दुसऱ्या प्रदेशातल्या वाइनऱ्यांमध्ये नेऊन तिथे वाइन केली.

वर ग्राफशाफ्टच्या माळावर गाड्या लावायच्या आणि तिथून बसने खाली गावांत कामाला जायचं अशी सोय काही स्थानिक लोकांनी स्वतःहून उभी केली होती. देशभरातून माणसं आली. आम्हीही बॉनचे काही मराठी आणि बाकी भारतीय मित्र ऑगस्टमध्ये शनिवारी जायचो. मला डेर्नाऊतलं एक तळघर मिळालं होतं. गुडघाभर चिखल, त्याला घरांच्या हीटिंगच्या टाक्यांमधून फुटलेल्या तेलाचा उग्र वास, वर येईपर्यंत डोकं दुखायचं. जिन्यावर माणसांची रांग आणि एकेक बाटली हातातून हातात वर. बूच शाबूत आहे का बघायचं आणि क्रेटमध्ये ठेवायची. धुवायची नाही. घराची मालकीणबाई, सत्तरीच्या असतील, प्रत्येक क्रेट भरला की त्यावर फडकं टाकायच्या.

न धुण्याचं कारण असं की तिथल्याच एका वाइनमेकरने आणि काही रेस्टॉरंटवाल्यांनी कल्पना काढली की या चिखलाच्या बाटल्या अशाच विकायच्या. फ्लुटवाइन, पुराची वाइन. ऑनलाइन मदतनिधीसाठी देणगी द्या आणि चिखल लागलेली बाटली घ्या, आत काय असेल ते नशीब, कारण लेबलं गेलेली. त्यातून ४० लाख युरोंच्या वर पैसे उभे राहिले आणि ते खोऱ्यातल्या वाइनवाल्यांमध्ये वाटले गेले. एक बाटली आमच्याकडे आहे, चिखल वाळून पांढरट झालाय.

चिपळूणची_वसुधा

धन्यवाद. बसने खाली कामाला जायचं वाचून मला आमच्याकडे आलेली माणसं आठवली. सांगली, कोल्हापूर, पुणे, मुंबई, कुठून कुठून पोरं टेम्पो घेऊन आली होती. तो चिखल आणि डिझेलचा वास मला माहितीय, कपाटातल्या साड्यांना कितीतरी महिने येत होता.

एक विचारते. आमच्याकडे पुरानंतर गाळ काढण्यावरून आणि निळ्या-लाल पूररेषेवरून अजून वाद चालू आहेत. तिथे पूर आधी आले नव्हते का?

नेमस्त

सगळं वाचलं, पुराचं वाचून वाईट वाटलं. तरीही मनातलं बोलतो. शेवटी हा दारूचाच धंदा आहे. २०२२च्या जानेवारीत आपल्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायचा निर्णय घेतला तेव्हा मी विरोध केला होता आणि आजही करीन. माझ्या चुलत्यांचा संसार दारूने गेला. शेतकऱ्याचं भलं म्हणून घरात बाटली येऊ द्यायची हे मला पटत नाही.

दिंडोरीचा_बागायतदार

नेमस्त काका, तुमचं दुःख खरं आहे, त्यावर मी काय बोलणार. आमच्या गल्लीत पण असे दोन संसार मोडलेत, आणि ते देशीच्या दुकानानं. मी स्वतः पीत नाही, माळकरी घर आमचं. वाइनची द्राक्षं लावायची का यावर वडील आणि आजोबांमध्ये चार महिने अबोला होता.

माझं म्हणणं एवढंच की ज्या रानात दुसरं काही नीट येत नाही तिथं एक पीक येतंय आणि त्याला नाव आहे, तर त्या नावाचा पैसा शेतकऱ्यापर्यंत यावा. 'नाशिक व्हॅली वाइन'ला २०१०-११ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या गावात किती जणांना ठाऊक आहे? नाव आमच्या खोऱ्याचं, आणि आम्हाला त्याची किंमत रुपयात कधी दिसली नाही. आरमध्ये निदान एक एकरवाला पण सोसायटीचा मालक आहे.

राइनकाठी

नेमस्त, तुमच्या मताचा आदर आहे. इथेही दारूने मोडलेली घरं आहेत, आणि पुरानंतर आरमध्ये किती लोक खचले, किती जणांना मानसिक उपचारांची गरज पडली हे तिथले डॉक्टर सांगतात. मी लिहितोय ते एका खोऱ्यातल्या शेतीबद्दल आणि ती धरून ठेवणाऱ्या माणसांबद्दल. वाइन न घेणाऱ्यालाही त्यात घेण्यासारखं आहे असं मला वाटतं.

वसुधाताई, आले होते. १८०४ मध्ये भयंकर पूर आला होता, साठच्या वर माणसं गेली. १९१० मध्ये परत, तेव्हा रेल्वेच्या कामावरचे कितीतरी मजूर वाहून गेले. त्यानंतर वरच्या भागात पाणी अडवायचे बांध बांधायची योजना झाली होती आणि ती कागदावरच राहिली. गावांतल्या भिंतींवर जुन्या पुराच्या खुणा होत्या, लोक त्यांच्यासमोरून रोज जायचे. पण आकडेवारी बघून धोका ठरवताना १९व्या शतकातला पूर धरलाच नव्हता, कारण मोजणी पुढे कधीतरी सुरू झाली. आता धरतात. पूररेषा नव्याने आखल्या, नदीला लागून असलेल्या काही जागी घर परत बांधायला परवानगी नाही, वरच्या ओढ्यांवर पाणी अडवायचा मोठा आराखडा केलाय आणि तो पूर्ण व्हायला अनेक वर्षं जाणार. नवीन पूल जास्त उंच आणि मधल्या खांबांशिवाय बांधतायत म्हणजे झाडं अडकणार नाहीत. वाद इथेही आहेत. ज्याचं तीन पिढ्यांचं घर काठावर होतं त्याला तुम्ही इथे बांधू नका म्हणणं सोपं नाही, आणि विम्याच्या, मदतीच्या कागदांत लोक वर्षानुवर्षं अडकले.

चिपळूणच्या बाजारपेठेतल्या भिंतींवर २००५ आणि २०२१च्या खुणा रंगवल्यात का हो? नसतील तर रंगवून घ्या. फार खर्चाचं काम नाही आणि नातवंडांना उपयोगी पडेल.

मेघना_फ्रँकफुर्ट

आम्ही दोन कुटुंबं सप्टेंबरच्या शेवटी जायचं म्हणतोय, सोबत सासूबाई आणि दोन लहान मुलं. सासूबाई वाइन घेत नाहीत. जावं का? आणि काय बघावं?

राइनकाठी

नक्की जा, त्यांना तुमचे पैसे लागतात आणि तुम्हालाही आवडेल. रेमागेनला गाडी बदलून आरची लोकल घ्यायची. पुरात रूळ वाहून गेले होते, परत टाकताना विजेचीही सोय केली. काम टप्प्याटप्प्याने झालंय, म्हणून निघण्याआधी ॲपवर वेळ बघा.

बागांमधून चालायची एक पायवाट आहे, लाल द्राक्षाच्या खुणेची, आल्टेनारपासून बाद बोडेनडॉर्फपर्यंत ३५ किलोमीटर. सगळी कोणी एका दिवशी चालत नाही. सासूबाई आणि मुलं असतील तर आरवायलर ते मारियनथाल एवढाच तुकडा करा, चढ बेताचा आहे. मारियनथालला जुन्या मठाचे अवशेष आहेत, १२व्या शतकातला मठ, आता तिथे वाइनरी आणि बसायला अंगण. आरवायलरची तटबंदी आणि वेशी बघा. ज्यांना इतिहासात रस आहे त्यांनी वरच्या बागांखालचा बंकर बघावा, शीतयुद्धात अणुहल्ला झाला तर सरकारने लपायची जागा, रेल्वेच्या जुन्या बोगद्यांमध्ये केलेली. वर द्राक्षं आणि खाली तो.

सासूबाईंसाठी: ताजा द्राक्षाचा रस जवळपास प्रत्येक वाइनरीत मिळतो, आणि बाद नॉयनारचं अपोलिनारिस पाणी. त्याची गोष्ट त्यांना सांगा. गेओर्ग क्रॉयत्सबेर्ग नावाच्या माणसाने बाग घेतली होती, तिथे वेली जगतच नव्हत्या. १८५२ मध्ये खणून बघितलं तर खाली फसफसणाऱ्या पाण्याचा झरा, जमिनीतून येणाऱ्या वायूनेच मुळं मरत होती. मग ते पाणी जगभर गेलं.

सप्टेंबरअखेर म्हणजे फेडरवाइसर मिळेल, अर्धवट आंबलेला ढगाळ गोड रस, सोबत कांद्याचा केक. बाटलीचं झाकण मुद्दाम सैल असतं कारण आत अजून आंबणं चालू असतं, म्हणून बॅगेत आडवी ठेवू नका, सगळं सांडेल. आणि दारावर फांद्यांचा जुडगा टांगलेला दिसला की आत जा. शेतकऱ्याला वर्षातले चार महिने हॉटेलच्या लायसन्सशिवाय स्वतःची वाइन आणि साधं जेवण अंगणात द्यायची मुभा आहे, ४० खुर्च्यांपर्यंत. शाकाहारी म्हणून आधी विचारा, बटाट्याच्या भाजलेल्या पदार्थातसुद्धा बेकन असतं.

दिंडोरीचा_बागायतदार

हे चार महिन्यांचं आणि ४० खुर्च्यांचं फार आवडलं. आमच्याकडं एखाद्यानं ठरवलं तरी कागदांच्या चळतीतच तो संपेल. एवढी एक मुभा छोट्या बागवाल्याला मिळाली तर बाटलीमागं दलाल नको आणि गिऱ्हाईक स्वतः बागेत येईल.

दादा, मायशॉसच्या सोसायटीला आपण मेल केला तर बाहेरच्या शेतकऱ्यांना भेटतात का? आमचे पाच-सहा जण आहेत, कृषी विभागाच्या अभ्यास दौऱ्यात नाव लागलं तर पुढच्या वर्षी युरोपात यायचं चाललंय. आम्हाला चव-बिव नको, हिशोबाच्या वह्या बघायच्या आहेत. हप्ते कसे लावतात, घसारा कसा धरतात, ज्याची बाग वारसांत तुकडे झाली त्याचा भाग कसा करतात.

सहकारी_सांगलीकर

मलाही घ्या रे बरोबर. पोटनियम मराठीत उतरवायचं काम माझ्याकडे लागलं.

राइनकाठी

मी स्वतः जाऊन विचारतो. तोडणीच्या दिवसांत त्यांना बोलायला वेळ नसतो, तेव्हा नोव्हेंबरात जाईन. तुम्ही प्रश्न लिहून पाठवा, जर्मन मी करून देतो. वारसाहक्काचा प्रश्न पहिला ठेवा, तो त्यांनाही छळतो. कित्येक वारस आता कोलोनला, म्युनिकला नोकरीला आहेत आणि उतारावरचे तुकडे ओस पडतायत, ते सोसायटीतला दुसरा कोणी कसायला घेतो.